धाकट्याच्या माडावरचा अँटेना

"उतर! उतर खाली, गाढवा! मेलेल्या झाडावर चढतात का? अक्कल विकून खाल्लीस का रे?"

हे माझे वडील. ते खाली उभे होते आणि मी वर होतो. वर म्हणजे किती वर, ते विचारू नका. मी सांगेन तो आकडा तुम्ही निम्मा करणार, आमच्या गावात तशीच पद्धत आहे. एवढंच सांगतो की एका अंगाला मला कोर्लईचा किल्ला दिसत होता, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याची खाडी, आणि जरा मान ताणली असती तर आफ्रिकेतल्या बायका कपडे वाळत घालताना दिसल्या असत्या. कमरेला दोर होता, दातात चिकटपट्टी होती. त्यामुळे वडिलांना उत्तर देता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात असा प्रसंग फार वेळा आलेला नाही.

"अहो, त्यांच्यावर ओरडू नका, ते दचकतील!" ही माझी बायको. ती वडिलांपेक्षा मोठ्याने ओरडली, आणि त्याने मी दचकलो.

माजघराच्या खिडकीतून तिसरा आवाज आला. बारीक, पण तो आला की बाकीचे दोन थांबायचे. "दिसतोय का रे?"

ती आई. खाटेवर पडूनच विचारत होती. मी चिकटपट्टी दातातून काढली आणि वरून हाक दिली, "दिसेल! आता थेट अरबस्तानापर्यंत दिसेल!"

"अरबस्तान नको," आई म्हणाली. "धाकटा दिसला तरी पुरे."

आता मी मेलेल्या माडावर का चढलो होतो, ते सांगतो.

आमच्या घरात मूल झालं की बारशाच्या दिवशी वाडीत त्याच्या नावाचा माड लावतात. माझा विहिरीपाशी आहे. धाकट्या भावाचा मागच्या दारी होता. लहानपणी भांडण झालं की आम्ही एकमेकांच्या माडाला लाथा मारायचो. धाकट्याचा माड पहिल्यापासून उंच, शिडशिडीत, धाकट्यासारखाच. माझा बुटका आणि पोटाशी जाड. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात वाडीतली अर्धी झाडं आडवी झाली. माझा माड ढिम्म हलला नाही. धाकट्याच्या माडाचा शेंडा मात्र एखाद्याची टोपी उडावी तसा उडाला आणि तिसऱ्या वाडीत जाऊन पडला. माडाचं असं असतं, शेंडा गेला की सगळं गेलं. त्याला दुसरीकडून फूट येत नाही. मागे राहिला तो नुसता बोडका खांब.

पडलेली झाडं कापून नेली, पोफळी पुन्हा लावल्या, कौलं गेली त्या जागी पत्रे आले. पण त्या खांबाला वडिलांनी कुऱ्हाड लावू दिली नाही. पोरगा हेलिकॉप्टरमधून समुद्रावर ये-जा करतो आणि घरी त्याच्या नावाचा माड तोडायचा? कोणाची छाती होणार? मी थापाड्या आहे, पण एवढा धीट नाही. मेलेलं झाड म्हणून त्याला पाणी नाही, आणि धाकट्याचं झाड म्हणून त्याला कुऱ्हाड नाही. दर पावसाळ्यात ते थोडं जास्त काळं पडायचं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून मागच्या दारी हातपाय धुवायचो.

धाकटा समुद्रातल्या तेलविहिरीवर मेकॅनिक आहे. पंधरवडाभर तिकडे, पंधरवडाभर घरी. जाताना जुहूहून हेलिकॉप्टर, येताना तेच. आई त्या हेलिकॉप्टरला भिंगरी म्हणायची. "जत्रेत मिळते तसली भिंगरी आणि त्यात माणसं बसवतात!" तिने जन्मात कधी विमान जवळून बघितलेलं नव्हतं, पण भिंगरीवर तिचा राग असा, की ती शोधून काढणारा माणूस हाती लागला असता तर त्याला तिने केरसुणीने झोडला असता.

आणि माडावर चढवायला निघालो होतो ते यंत्र? ते मी आईसाठी आणलेलं नव्हतं. ते आणलं पर्यटकांना थापा मारायला. वाडीत आमच्या दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं उतरतात. हवेतलं प्रत्येक विमान सारखं ओरडत असतं, की मी अमुक, मी इथे आहे, मी इतक्या उंचीवर आहे. अगदी आमच्या वडिलांसारखं. फरक इतकाच की ते ओरडणं कानाला ऐकू येत नाही, अँटेनाला येतं. एक बोटभर काडी, तिला जोडलेला काडेपेटीएवढा रिसीव्हर, साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर, की झालं. टीव्हीवर नकाशा येतो आणि नकाशावर विमानांचे ठिपके सरकत राहतात. मी घावन वाढता वाढता वर बोट करायचो आणि म्हणायचो, "हे दुबईचं. पायलटला सर्दी झालीय, जरा वाकडं चालवतोय." निम्मे लोक खिडकीशी जाऊन बघायचे. उरलेले दुसऱ्या शनिवारी मित्रांना घेऊन यायचे.

मग पाडव्यानंतर आईला मुंबईच्या हॉस्पिटलातून परत आणलं. डॉक्टर इंग्रजीत पुष्कळ बोलले. त्याचं मराठी एवढंच होतं, की घरी न्या.

तिची खाट माजघरात टाकली, टीव्हीसमोर. बायकोने मालिका लावून दिली. आईने थोडा वेळ बघितली आणि म्हणाली, "ह्या बायका रोज तेच रडतात. तुझं ते ठिपक्यांचं लाव. त्यात धाकटा दिसतो का?"

मी म्हणालो, दिसतो. म्हणायला काय जातं!

पहिल्यांदा दिसला तेव्हा अँटेना खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला होता. जुहूहून भिंगरी उठली, मुंबईची हद्द सोडून समुद्रावर आली, आईने बोटाने ठिपका दाखवला, "हाच ना?" आणि तेवढ्यात तो विझला.

"कुठे गेला?"

"उतरला."

"इतक्यात?"

"विहीर तशी जवळच आहे, आई."

पुढच्या खेपेला पाऊस होता. ठिपका आणखी अलीकडेच विझला. आईने माझ्याकडे मान वळवली. त्या दिवसांत तिला मान वळवायलाही कष्ट पडायचे, तरी वळवली.

"मागच्या वेळी लांब उतरला होता. विहीर सरकते का रे पाण्यात?"

"भरती-ओहोटीप्रमाणे थोडी सरकते."

"मेल्या, मी तुझी आई आहे," ती म्हणाली. "तुझं गिऱ्हाईक नाही."

खरं तिला कळत होतं. पण कळणं आणि रात्रभर झोप लागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपका भर समुद्रात विझला की ती पुढचे दोन दिवस, धाकट्याचा फोन येईपर्यंत, तोंडात पाणी घ्यायची नाही. 'उतरला' म्हटलेलं तिला चालायचं, फक्त तो दर खेपेला एकाच जागी उतरायला हवा होता. म्हणजे माझी थाप एका जागी टिकायला हवी होती. आजपर्यंत माझी एकही थाप एका जागी टिकलेली नाही, तिचा तो स्वभावच नाही. म्हणून मी अँटेनाच्या मागे लागलो.

खिडकीतून तो पत्र्यावर नेला. पत्रा असा लबाड की समोरून आलेलं ओरडणं तो भलतीकडे ढकलतो. मग एक पाइप उभा केला, पत्र्यापासून वर. तिथून केबल खाली आणली. अलिबागच्या दुकानातली, टीव्हीची, ह्या लांबीची की घराला वेढा घालून गाठ मारता आली असती. आणि मग कळलं की केबल जितकी लांब तितका आवाज तिच्यात मुरतो. वरच्या टोकाला विमान गर्जना करतं, खालच्या टोकाला डास गुणगुणतो. म्हणून मी रिसीव्हर आणि कॉम्प्युटर दोन्ही पापडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून वर अँटेनाच्या पायाशीच नेले. मधे वीतभर केबल. खाली फक्त विजेची वायर आणि नेटची वायर. ठिपके एकदम दुप्पट झाले. मी गावात चौपट सांगितले.

पण खाऱ्या हवेला काय करणार? पंधरा दिवसांत जोड हिरवा पडला. तो घासला, बायकोच्या टाचांसाठी आणलेलं व्हॅसलीन त्याला फासलं, वरून रबरी चिकटपट्टी गुंडाळली. बायको म्हणाली, "माझ्या टाचांपेक्षा तुमच्या काडीचे लाड जास्त!" ते खरंच होतं. आणि एवढं करून पाऊस आला की सगळं मुसळ केरात. आमच्या घराला चारी बाजूंनी माड आणि पोफळी. भिजलेला माड म्हणजे हवेत उभी केलेली पाण्याची टाकी. विमानाचं ओरडणं तिच्यात शिरतं आणि तिथेच बुडून मरतं. त्यातून समुद्र मधे फुगलेला. पृथ्वी गोल आहे हे शाळेत मास्तरांनी छड्या मारून सांगितलं तरी मला पटलं नव्हतं. ते पटलं त्या पावसाळ्यात, कारण भिंगरी खालून उडते, आणि अँटेना उंच नसला की ती त्या फुगवट्यामागे जाते. झाडांच्या वर जायचं, एवढा एकच उपाय राहिला होता.

वाडीत झाडांच्या वर डोकं काढून उभं असलेलं, डोक्यावर एकही झावळी नसलेलं, कोणी तोडणार नाही असं एकच लाकूड होतं. रोज पाठ करून हातपाय धुवायचो, त्या दिवशी मी वळून बघितलं.

श्रावणातली उघडीप बघून शिडी बांधली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, वडील ओरडत होते, बायको ओरडत होती.

शेवटी आईनेच निकाल दिला. खिडकीतून म्हणाली, "अहो, धाकट्याच्याच माडावर आहे ना तो? त्याच्या माडावरून त्याला बघायला काय हरकत आहे?"

 वडील खाली वाकले आणि शिव्या देत देत शिडी धरून उभे राहिले. मी उतरल्यावर त्यांनी कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकलं. आवाज पोकळ आला.

"ऐकलंस?"

"ढोलकीसारखा आहे," मी म्हणालो. "शकुन चांगला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या जागी दुसरा कोणी असता तर जागच्या जागी वाळला असता. तीन बाजूंनी नायलॉनचे दोर ताणून मी खांब बांधून टाकला. एक दोर माझ्या माडाला होता.

त्या संध्याकाळी टीव्ही लावला आणि वारूळ फुटावं तसे ठिपके बाहेर पडले. ओमानला जाणारी, आफ्रिकेहून येणारी, कुठकुठली विमानं आमच्या माजघरात! मी तर लोकांना सांगितलं की हवाई दलाच्या माणसाने फोन करून मला विचारलं, आमचं एक हरवलंय, तुमच्याकडे दिसतंय का. भिंगरीचा ठिपका किनारा सोडून जो निघाला तो आईच्या डोळ्यांदेखत पुढे, पुढे, अजून पुढे. अगदी शेवटचा तुकडा मात्र तिथूनही मिळाला नाही. तो मिळायला मला आणखी एक माड मधल्या समुद्रात लावावा लागला असता. पण ठिपका आता ऊन असो, पाऊस असो, त्याच एका जागी विझायचा.

"उतरला," आई म्हणायची. आता मला म्हणावं लागत नव्हतं. आणि मग भात मागायची.

धाकटा घरी आला की तिच्या पायाशी बसायचा. "वरून हात केला होता, बघितलास ना?"

"बघितला की," आई म्हणायची. "हातात घड्याळ नव्हतं तुझ्या."

मी थापा कुठून शिकलो, असं लोक विचारतात.

नवरात्र झालं. आई भात मागेनाशी झाली. मग पाणीही चमच्याने. ठिपका दाखवला तरी तिची नजर टीव्हीच्या आसपास फिरायची, नेमकी त्याच्यावर बसायची नाही. मग मी बोलून सांगायचो, आता इथे, आता तिथे. डॉक्टर येऊन गेले. ह्या वेळी मराठीतच बोलले, की धाकट्याला बोलावून घ्या.

फोन लागला. धाकटा म्हणाला, "दादा, उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळालीय. आईला सांग. तिला म्हणावं टीव्ही लावून ठेव, मी येतोय."

सांगितलं. आईने ऐकलं. तिने हाताने खूण केली, काय केली ते कळलं नाही, पण वडील म्हणाले, "टीव्ही पुसून ठेव म्हणतेय." मी पुसला.

त्या संध्याकाळी परतीचा पाऊस आला. त्या पावसाला आमच्याकडे रीतभात नसते. दिवसभर ऊन आणि चार वाजता डोंगराकडून काळं काहीतरी धावत येतं. वारा असा सुटला की विहिरीवरचा रहाट आपोआप फिरायला लागला, हे मी डोळ्यांनी बघितलं. ह्यात निम्मं करू नका. मी मागच्या दारात उभा होतो. धाकट्याचा माड हलत होता, पण तसा तो नेहमी हलायचा. मग तो हलायचा थांबला. जरा वेळ अगदी सरळ उभा राहिला, आणि बुंध्यातून निघाला. कडाड वगैरे काही नाही. ओल्या पोत्यावर पाय पडावा तेवढाच आवाज. पोटात नुसता भुसा होता. दोन दोर तुटले. माझ्या माडाला बांधलेला तिसरा तुटला नाही, त्याने खांबाला ओढून रस्त्याच्या बाजूला वळवलं, म्हणून घर वाचलं. तो विजेच्या तारांवर पडला. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर निळा जाळ झाला, आणि सगळी आळी काळी झाली.

पापडाचा डबा चिखलात उपडा पडला होता. आत गुडघाभर पाणी होतं असं मी नंतर सांगायचो. चमचाभर होतं. तेवढं पुरतं.

वडील बाहेर आले. माझी तयारी होती, की आता ओरडतील. ते पडलेल्या खोडाशी गेले, त्यावर हात ठेवला आणि आत गेले.

वायरमन म्हणाला उद्या संध्याकाळशिवाय लाइट नाही. मोबाइलचा टॉवरही थोड्या वेळाने बसला. सकाळी उजाडलं तेव्हा आमच्या घरात फक्त पाऊस ऐकू येत होता. बारीक, चिकट, न थांबणारा. आईचा श्वास लांबला होता. वडील खाटेच्या डोक्याशी बसून पोफळीच्या विरीचा, म्हणजे सुकलेल्या झावळीच्या रुंद देठाचा पंखा हलवत होते, कारण वरचा पंखा बंद होता.

"निघाला का?" आईने विचारलं.

मी टीव्हीकडे बघितलं. काळी काच. त्यात खिडकी दिसत होती, आणि तिघं जणं. मी वडिलांकडे बघितलं. ते पंखा हलवत होते.

"निघाला," मी म्हणालो. "आत्ताच उठला. आला बघ ठिपका."

"पाऊस?"

"तिकडे ऊन आहे. लख्ख. खिडकीशी बसलाय."

आयुष्यभर मी विमानाला दोन शेपट्या लावल्या, मांदेलीला सुरमई म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मापात थाप मारली. ठिपका जितका सरकतो तितकाच सरकवला. वळतो तिथेच वळवला. कारण पाच-सहा महिने आईने तो रस्ता खेपेखेपेला बघितला होता, तिला तो माझ्यापेक्षा पाठ होता. मधे मी खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिलो, तर ती म्हणाली, "मध्येच हरवू नकोस रे त्याला."

"नाही हरवत."

मुंबईचा किनारा दिसला. भिंगरी खाली आली. जुहूला उतरवली. धाकट्याने बॅग घेतली, बाहेर येऊन गाडी पकडली. इथे खरं तर ठिपका संपतो. माणसं रस्त्याने चालताना ओरडत नाहीत, अँटेनाला ती दिसत नाहीत. पण आईचे डोळे मिटलेले नव्हते, म्हणून मी थांबलो नाही. वाशीचा पूल ओलांडला, पनवेल आलं. पेणला मूर्तींचे कारखाने बंद होते, तेही सांगितलं. वडिलांचा पंखा चालू होता, एका लयीत.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आणखी थोडं पुढे नेला तर त्याला दारात उभा करावा लागेल. दारात उभा करायला माझ्याकडे धाकटा नव्हता.

"वडखळला अडकलाय," मी म्हणालो. "ट्रॅफिक."

आईने डोळे मिटले. ओठ हलले. मी कान खाली नेला.

"वडखळला असायचंच," ती म्हणाली.

मग मी वडखळचं सांगत बसलो. ट्रकच्या मागे ट्रक, उरणकडून आलेले कंटेनर, मधेच घुसणारी एसटी, कंडक्टर खाली उतरून शिव्या देतोय, शेंगावाला खिडकीशी आलाय, धाकट्याने शेंगा घेतल्या, आता सुटेल, आता सुटेल, पुढची गाडी हलली, नाही, परत थांबली. किती वेळ तसा बोलत होतो देव जाणे. जगातला सगळा ट्रॅफिक मी त्या नाक्यावर आणून उभा केला. वडिलांचा पंखा थांबला तेव्हाही मी एका कंटेनरला मागे घ्यायला लावत होतो.

माणसं जमली. निरोप जायला टॉवर नव्हता, म्हणून शेजारचा एक जण मोटरसायकलवर अलिबागला जाऊन पाहुण्यांना फोन करून आला. धाकट्याचा मात्र लागला नाही. दिवसाउजेडी नेऊया, असं कोणी म्हणालं. वडील म्हणाले, थांबूया. मी ओटीवर बसलो होतो. कोणीतरी विचारलं, शेवटी शुद्ध होती का? आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. होती म्हणजे काय, शेवटपर्यंत! धाकट्याचं हेलिकॉप्टर विहिरीवरून उठल्यापासून जुहूला उतरेपर्यंत बघितलं तिने, एक क्षण नजर हलवली नाही. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. एका म्हाताऱ्याने हात जोडले. आळीत लाइट नाही, हे त्या क्षणी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळ्यांच्या घरी अंधार होता तरी.

दिवेलागणीला धाकटा आला. चिखलाने भरलेला, तोंड मिठाने पांढरं पडलेलं. फाटकातूनच त्याला सगळं कळलं. आत जाऊन आईच्या पायांवर डोकं ठेवून आला आणि ओटीच्या पायरीवर बसला.  

मग तो म्हणाला, "हेलिकॉप्टर उडलंच नाही. पाऊस, काही दिसत नव्हतं. कंपनीच्या बोटीने आलो, पहाटेपासून. फोन लागेना कोणाचाच."

ओटीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मघा हात जोडणाऱ्या त्या म्हाताऱ्याने हात पाठीमागे नेले.  

पण धाकटा माझ्याकडे बघत नव्हता. तो आत माजघराकडे बघत होता, टीव्हीकडे. "मी सांगितलं होतं तिला, टीव्ही लावून ठेव. दिवसभर बसली असेल ती बघत. ठिपका आलाच नाही म्हणजे तिला वाटलं असेल, मी..."  त्याने वडिलांचा गुडघा धरला. "बाबा, घाबरली होती का ती? ठिपका दिसला नाही म्हणून?"

वडिलांच्या हातात तो विरीचा पंखा अजून होता. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"लाइट नव्हती," ते म्हणाले.